दाखवायची चूल

१४ जून १९७१

ही डायरी साखर कारखान्याची आहे. सभासदांना मिळते. आण्णा तिच्यात काही लिहीत नाहीत म्हणून मी घेतली. गेल्या सालची आहे, त्यामुळे छापलेले वार खोटे आहेत, तारखा तेवढ्या खऱ्या.

मी मॅट्रिक झाले. आमच्या मळ्याकडची पहिलीच मुलगी. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बेलापूरच्या बाजारातून पेढे आणून सगळ्या वस्तीवर वाटले. मला वाटलं, आता श्रीरामपूरचं कॉलेज पक्कं. संध्याकाळी ते ओट्यावर टेकले तेव्हा मी विषय काढला.

"जा की," आण्णा म्हणाले. "मी कुठं न्हाई म्हनतो? यष्टीचं भाडं देतो, वह्या-पुस्तकं घेतो. फी मात्र देनार न्हाई."

मी विचारलं, का?

"सरकार फी माफ करतंय म्हन्त्यात. अर्धा तालुका फुकट शिकतोय. मंग मी एकलाच खुळा हाय का भरायला?"

आण्णांकडे पैसा नाही असं नाही. पाटाचं पाणी आहे, ऊस आहे. पण शेजाऱ्याला फुकट मिळालेली वस्तू आपण विकत घ्यायची म्हटलं की त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणजे माझं कॉलेज आता फुकट मिळण्यावर आलं. याला होकार म्हणायचं की नकार, मला ठरवता येईना. आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यास्नीच इचार." त्यांनाच तर विचारलं होतं.

१९ जून

कलाबरोबर श्रीरामपूरला जाऊन आले. कला माझ्या वर्गातली, गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाड्यात राहते. आम्ही दोघींनी कॉलेजच्या हापिसात फुकट शिकायच्या सगळ्या वाटा विचारल्या. हुशार मुलांना सरकारी शिष्यवृत्ती मिळते, पण माझे मार्क थोडक्यात कमी पडले. कारखान्याची शिष्यवृत्ती आहे, ती सभासदांच्या मुलांना. मी म्हणाले, मी सभासदाचीच आहे. कारकून म्हणाला, "मुलांना, बाई. मुलींना नाही." हे तो इतक्या गोडीत म्हणाला की भांडायचं राहूनच गेलं.

कलाची फी सरकार भरणार आहे. येताना यष्टीत मी तिला विचारलं, "मला बौद्ध होता येईल का गं?" मी अगदी मनापासून विचारलं होतं.

कलानं खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "यील की. आदी आमच्या घरी यिऊन पानी पी."

"आत्ता येते."

"आत्ता नको. तुझ्या आईला इचारून ये."

मी आईला विचारलं नाही. का विचारलं नाही ते मला इथंही लिहिता येत नाही. कलाला राग आला असावा, पण उतरताना गर्दीत तिनं माझी पिशवी धरली होती. मग राग नव्हता का?

२६ जून

आज वाट सापडली. आण्णा मला घेऊन चावडीवर तलाठी भाऊसाहेबांकडे गेले. भाऊसाहेब म्हणाले, ज्यांचं उत्पन्न थोडं, त्यांच्या मुलांना ईबीसीची फीमाफी असते. पण आमचा सगळा ऊस आण्णांच्या नावावर, आणि तात्या, म्हणजे माझे चुलते, आमच्यातच. त्यामुळे आम्ही मर्यादेच्या वर जातो.

"दोघं भाऊ इभक्त दाखवा," भाऊसाहेब म्हणाले. "निम्मं निम्मं झालं की बसतंय. पन सर्कलसाहेब यिऊन बघनार. दोन चुली दिसल्या पायजेत. दोन चुली म्हंजे दोन घरं, हितं असंच मोजत्यात."

घरी आल्यावर आण्णांनी हे सांगितलं आणि तात्या पोट धरून हसले. आण्णाही हसले. "दाखवायची चूल," आण्णा म्हणाले. "मांडायची, दाखवायची, मोडायची."

काकी दाराआड पदर घेऊन उभी होती. ती आण्णांसमोर येत नाही, त्यांच्याशी बोलतही नाही. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नसते आणि तोही तिच्या खोलीत पाऊल टाकत नसतो. दोघांना काही सांगायचं असलं की मध्ये मी लागते.

"राही," काकी दाराआडून म्हणाली, "तुझ्या आण्णाला सांग, चूल मी मांडते."

आण्णा तिथंच बसले होते. "सांग तिला, मांड म्हनावं."

मी दोन्हीकडे मान हलवली. दोघांनाही एकमेकांचं ऐकू आलं होतं. मला कधी कळलं नाही की माझं यात काम काय.

४ जुलै

चूल आज लिंपून झाली. आण्णांचं म्हणणं होतं, पडवीत तीन दगड ठेवले तरी भागेल. काकीनं माझ्याकरवी कळवलं की पडवीत पाऊस येतो. मग ती तिच्या खोलीतच मांडायची ठरली. पाटातली काळी चिकण माती मी आणि काकीनं पाटीनं वाहिली. तिच्यात घोड्याची लीद, भुसा. काकी ती माती इतकी तुडवत होती की मला कंटाळा आला. वर धुरासाठी तिनं तात्यांकडून भिंतीला झरोका पाडून घेतला.

आणि शेजारी वैलही काढला, चुलीच्या धगीवरचं दुसरं तोंड. मी म्हणाले, "दोन दिवसांच्या चुलीला वैल कशाला? त्याच्यावर ठेवायचं काय?"

"मांडायची ती नीट मांडावी," काकी म्हणाली. ओल्या हातानं ती चुलीची कड गुळगुळीत करत होती आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. काकी गुणगुणते हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

आई दारापर्यंत आली. तिनं चूल बघितली, झरोका बघितला. "धूर लई व्हईल," म्हणाली आणि गेली. झरोक्यामुळे धूर होणार नाही हे आईला कळायला हवं होतं. तिनं आयुष्यभर चूल सांभाळलीय.

१३ जुलै

सर्कलसाहेब कधीही येतील, आणि कोऱ्या चुलीनं सगळं उघडं पडेल, असं भाऊसाहेबांनी कळवलं. म्हणून काकी आता रोज स्वयंपाक करते. तिचा आणि तात्यांचा. तात्यांची चैन आहे. तिकडे जेवतात, मग इकडे येऊन आईच्या हातचं "चव बघतो" म्हणून परत जेवतात. आईच्या भाकरी मात्र रोज उरतात. तिचा हात जुन्याच अंदाजानं पीठ घेतो. "सवय हाय, दुसरं काय," म्हणाली. त्या भाकरी म्हशीला जातात.

कॉलेज सुरू झालंय. फीचं होईल म्हणून सांगून मी वर्गात बसते. हजेरी घेताना माझं नाव येत नाही. तरी मी मनातल्या मनात "हजर" म्हणते.

२२ जुलै

सर्कलसाहेब आले. पाऊस होता, त्यांची छत्री फाटकी होती, आणि तरी मला त्यांची भीती वाटली. बरोबर भाऊसाहेब. त्यांनी आमची चूल बघितली. काकीच्या खोलीत वाकून तिची चूल बघितली, काजळी बघितली, वैलावरचं भगुलं बघितलं. मग ओट्यावर बसून चहा घेतला आणि एकाएकी मला म्हणाले, "मुली, तुझ्या चुलतीनं आज कालवण काय केलंय?"

आण्णांचा चेहरा पडला. भाऊसाहेब छताकडे बघायला लागले. तेव्हा मला प्रश्नाचा डाव कळला. घर एक असतं तर कालवण मला ठाऊक असतं.

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला खरंच ठाऊक नाही. आमच्या घरात काय शिजतंय हे मला माहीत नाही, असा दिवस जन्मात आला नव्हता. पण सकाळपासून काकीचं दार लोटलेलं होतं आणि मी विचारायलाही गेले नव्हते.

"न्हाई ठाव," मी म्हणाले.

सर्कलसाहेबांनी मान हलवली आणि लिहून टाकलं. ते गेल्यावर आण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काय बेरकी हाय पोरगी." मी बेरकीपणा केलाच नव्हता, खरं तेच सांगितलं होतं. खरं सांगून खोटं पटवलं, की खोटं करता करता ते खरं झालंय? मी दुपारभर याचा विचार केला आणि डोकं दुखलं.

नंतर काकीला विचारलं, काय केलं होतंस? म्हणाली, हुलग्याचं शेंगोळं. आईला हुलगे सोसत नाहीत, म्हणून आमच्यात कधी होत नाहीत. काकीला ते आवडतं हे मला माहीत नव्हतं. तिनं मला वाटीभर दिलं. चांगलं झालं होतं. ती वाटी आईला दिसू नये असं मला का वाटलं?

९ ऑगस्ट

बोर्डावर फीमाफीची नावं लागली, त्यात माझं आहे. मी तीनदा वाचलं. कला म्हणाली, "बास झालं, झिजंल ते." आज हजेरीत माझं नाव आलं आणि मी इतक्या मोठ्यानं "हजर" म्हणाले की सगळा वर्ग हसला. मला काही वाटलं नाही. मी फार सुखात आहे.

घरी आण्णांनीही आनंदानं तंबाखू मळली. म्हणाले, "चला. आता मोडा ती चूल."

दाराआडून काकी म्हणाली, "राही, तुझ्या आण्णाला सांग, माफीचं दर साली तपासत्यात म्हनं. पोरीची चार वरसं तर व्हायची."

आण्णांनी तंबाखू तशीच हातात धरली. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. काकी म्हणते ते खरं आहे, दर वर्षी अर्ज करावा लागतो. मी तिला सांगितलं नव्हतं. तिनं कुणाला विचारलं असेल?

२० ऑगस्ट

पोळा. बैलांची एकच जोडी, आणि नैवेद्याची ताटं दोन. आईनं पुरणपोळ्या केल्या, काकीनंही केल्या. दोघी आपापलं ताट घेऊन गोठ्याशी आल्या आणि दोघीही थांबल्या. आण्णा म्हणाले, थोरलीचं आधी. बैलांनी दोन्हीकडचं खाल्लं. बैलांचं बरं आहे.

मी दोन्हीकडे जेवले, कारण एकीकडे नाही म्हणणं मला जमलं नाही. पोट फुगलं. रात्रभर मला वाटत राहिलं की हे सगळं माझ्यामुळे आहे. मी कॉलेजचं काढलं नसतं तर आज एकच ताट असतं.

१७ सप्टेंबर

आई काकीला "मनकर्णे" अशी हाक मारायची. आता "मनकर्णाबाई" म्हणते. मान देते म्हणावं, तर तिच्या आवाजात मान नाही. राग म्हणावं, तर रागही नाही. शेजारणीला मारावी तशी हाक आहे. मी आईला म्हणाले, "मी कॉलेज सोडू का?" आई म्हणाली, "त्यानं काय व्हनार?" आणि तवा उतरवला.

८ ऑक्टोबर

फार वाईट दिवस. कारखान्यात उसाची नोंद चालू आहे. तात्या आण्णांना म्हणाले, "दादा, माझ्या निम्म्याची नोंद माझ्या नावानं करावी म्हन्तो. कागदावर तसंच हाय की."

आण्णा आधी हसले. तात्या हसले नाहीत, तेव्हा आण्णा उभे राहिले.

"ते कागदावरचं हाय, छगन. कागदावरचं घरात आनायचं न्हाई."

"घरात बी तसंच चाललंय," तात्या हळूच म्हणाले. त्यांचा आवाज कधीच मोठा होत नाही. वाक्य काकीचं असेल, पण म्हणाले ते.

आण्णांनी सांगून टाकलं. दिवाळीच्या आत चूल मोडायची, आणि दिवाळी झाली की ते भाऊसाहेबांकडे जाऊन आम्ही एकत्र आहोत असं लिहून देणार.

मी म्हणाले, "मग माझी माफी जाईल."

"जाऊ दे."

"मग फी तुम्ही भराल?"

आण्णांनी पायताण घातलं. मी पुन्हा विचारलं. म्हणाले, "घर राहिलं तर कालेज. घरच न्हाई तर काय करायचंय?"

म्हणजे कॉलेज जाणार. नुकतं तर हजेरीत नाव आलं होतं. आज मी आण्णांचा तिरस्कार केला आणि लगेच त्यांची दयाही आली. दोन्ही एकाच वेळी कसं होतं कुणास ठाऊक.

११ ऑक्टोबर

हे नीट लिहून ठेवते, नाहीतर मला पुढं खरं वाटणार नाही.

सकाळी आण्णा कुदळ घेऊन निघाले आणि काकीच्या दाराशी जाऊन थांबले. उंबऱ्याच्या आत त्यांना पाऊल टाकता येईना. धाकट्या भावजयीची खोली. चूल पडवीत असती तर एका घावात गेली असती. ते तिथंच उभे, कुदळ खांद्यावर. तात्या गोठ्यात बैलाची मान खाजवत होते आणि इकडे बघत नव्हते. आई परातीत पीठ घेऊन बसली होती, पण मळत नव्हती.

शेवटी आण्णांनी कुदळ माझ्या हातात दिली. "तुझ्यासाठी मांडली हुती. तूच मोड."

मी आत गेले. कुदळ जड होती. काकी चुलीपुढं बसली होती, तव्यावर भाकरी होती. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "मोडायला आलीस?"

"आण्णा म्हणाले."

"आन् तू काय म्हन्ती?"

मला रडू आलं. मी म्हणाले, मला काही कळत नाही काकी. मोडली तर माझं कॉलेज जातं, नाही मोडली तर घर जातं. तू माझ्यासाठी एवढं केलंस आणि त्याच्यात घर फुटलं, आता मी काय करू? मी असंच काहीतरी बडबडले.

काकी हसली, कुचकट नाही, खरंच हसली.

"तुझ्यासाठी केलं असं वाटतंय व्हय तुला?"

मी मान हलवली.

"मी ह्या घरात आले तवापास्नं बाईंच्या, तुझ्या आईच्या, हाताखाली हाय. बाई वाईट न्हाईत, कुनाम्होरं बी सांगंन. पन मीठ किती घालू हे मला कुनी कदी इचारलं न्हाई. पोटी ल्योक न्हाई, लेक न्हाई, मंग मला कोन येगळी चूल देतंय? तुझ्या फीचं निघालं आन् मी मांडून घेतली. तुला माफी मिळाली नसती तरी मोडली नसती. तू कालेजात जा, न्हाई तर घरी बस. चुलीचं तू सोताकडं घिऊ नको." तिनं भाकरी निखाऱ्यावर टाकली. "मोडायची असली तर मोड. मी आडवी येनार न्हाई. उद्या परत मांडीन."

मला राग आला. हे मला लिहिलंच पाहिजे. इतके महिने माझं मन मला खात होतं की मी घर मोडलं, आणि काकीच्या हिशेबात मी नुसतं निमित्त होते. पेढ्याच्या पुड्याचा दोरा. आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की मी तिथंच बसले. भाकरी फुगली होती. काकीनं तिच्यावर मीठ-तेल घातलं आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली.

बाहेर आले. आण्णांनी विचारलं, "मोडली?"

"न्हाई."

"का?"

"ती माझी न्हाई, आण्णा. काकीची हाय."

आण्णा दाराकडे बघत राहिले. आतून भांड्याचा आवाज येत होता. "सांग तिला," ते म्हणाले, आणि मी सांगायला वळले, पण पुढं त्यांनी काही सांगितलंच नाही. टोपी काढली, झटकली, परत घातली, आणि कुदळ घेऊन उसाकडे गेले.

आईनं पीठ मळायला घेतलं.

२८ ऑक्टोबर

दिवाळी झाली. फराळ दोन्हीकडे झाला. आण्णा आणि तात्या एकाच सायकलवर कारखान्यात गेले आणि दोघांच्या नावानं निम्मी निम्मी नोंद करून एकाच सायकलवर परत आले. पुढं तात्या बसले होते. ते दोघं काय बोलले ते कुणाला कळलं नाही. भाऊसाहेबांकडे आण्णा गेले नाहीत. आता जाऊन सांगण्यासारखं काही खोटं उरलंच नाही. माझी माफी राहिली. कॉलेज उघडलं की मी जाणार.

मी आईला विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाली, "सकाळचं लौकर आवरतं आता." मी तिच्या तोंडाकडे बघितलं. काही कळलं नाही.

१४ नोव्हेंबर

पलीकडच्या मळ्यातले उत्तमराव संध्याकाळी आले. त्यांचा मुलगा यंदा मॅट्रिकला आहे. त्यांचाही ऊस भावाबरोबर एकत्र. ओट्यावर बसले, तंबाखू झाली, पिकापाण्याचं झालं. मग म्हणाले, "कारभारी, तुमच्या पोरीचं फुकटात बसवलं म्हनं तुमी. कसं केलं ते जरा सांगा. आमी बी तसंच करू म्हन्तो."

मला वाटलं आता आण्णा सांगणार. भाऊसाहेब, सर्कल, सगळं. त्यांना असल्या गोष्टी रंगवून सांगायला आवडतात.

आण्णांनी मागं वळून घराकडे बघितलं. घरातून दोन्हीकडचा धूर येत होता.

"फी भरा," आण्णा म्हणाले.

"आं?"

"भरून टाका, उत्तमराव. लई न्हाई."

उत्तमराव चिडले. सांगायचं नसेल तर तसं म्हणा, असं म्हणून उठून गेले, चहालाही थांबले नाहीत. मी आण्णांजवळ गेले आणि म्हणाले, तुम्ही त्यांना सांगितलं का नाही? आण्णांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही मला ते पहिल्यांदाच बघत होते.

"तुझं कालेज कवा सुरू?"

"उद्या."

"भाडं घिऊन जा," म्हणाले, आणि खिशात हात घातला.